कथिल

मी मायस्टरांचे १,३४० मार्क देणं लागत होतो. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर १०० मार्कांची नोट ठेवायची, त्यांनी चौकटीच्या वहीत तारीख घालून आकडा लिहायचा, मग कॉफी. असं तेरा महिने चाललं. चौदाव्या महिन्यात मी उरलेले ४० दिले, त्यांनी पट्टी धरून खाली दोन रेघा मारल्या आणि वही खणात टाकली. व्याज घेतलं नाही, सूटही दिली नाही. त्या वहीत न आलेलं देणं मात्र अजून अंगावर आहे, आणि ते सांगायचं तर दोन मोटारींबद्दल बोलणं भाग आहे.

दोन्ही मोटारी एकाच गावच्या. जर्मनीच्या वायव्येला ओस्नाब्रुक नावाचं मध्यम आकाराचं शहर आहे. युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध १६४८ मध्ये ज्या तहांनी संपलं, त्यांच्या वाटाघाटी इथे आणि शेजारच्या म्युन्स्टरमध्ये झाल्या. पहिल्या महायुद्धावर कादंबरी लिहिणारा रेमार्क इथलाच. पण मी गेलो तेव्हा गावात कोणाला काय करतोस विचारलं, तर निम्मी माणसं एकच नाव सांगायची : कारमान. विल्हेल्म कारमान यांनी १९०१ साली घोडागाड्या बनवणारी एक जुनी पेढी विकत घेतली आणि पुढे तिथे मोटारींचे सांगाडे बनू लागले. सांगाडा म्हणजे वरचा पत्र्याचा देह. इंजिन दुसऱ्याचं, देह यांचा. फोल्क्सवागेनच्या बीटलची उघड्या टपाची आवृत्ती इथे बनली, पोर्शचे काही सांगाडे इथे बनले, आणि १९५५ पासून १९७४ पर्यंत कारमान गिया बनली. ती बंद झाली त्याच साली, त्याच आवारात, तिची जागा शिरोक्कोने घेतली.

मी तिथे ऑक्टोबर १९८३ मध्ये पोचलो. पुण्यातून डिप्लोमा, मग भोसरीत तीन वर्षं नोकरी, मग प्रेस टूल शिकण्यासाठी पाठ्यवेतन. माझी उमेदवारी गावाबाहेरच्या एका छोट्या टूलरूममध्ये होती आणि राहायला खोली मायस्टरांच्या घरात वरच्या मजल्यावर. ते कारमानमधून नुकतेच निवृत्त झालेले, वय बासष्ट-त्रेसष्ट. 'मायस्टर' हे त्यांचं नाव नव्हे. जर्मनीत कारागिराने उमेदवारी केली, वर्षानुवर्षं हात घासले आणि परीक्षा दिली की ही पदवी मिळते. गल्लीतले शेजारीसुद्धा त्यांना तसंच म्हणत.

पहिले तीन आठवडे मला झोप लागली नाही. थंडी हे कारण नव्हतं. तिथे आवाजच नव्हता. मी कसबा पेठेतल्या तांबट आळीतला. आमच्याकडे सकाळी सातला ठोक सुरू होते ती दिवेलागणीपर्यंत. हंडे, घागरी, बंब, पातेली, सगळ्यांवर हातोडी पडते. बाहेरच्याला त्या आळीत दहा मिनिटं उभं राहवत नाही. आम्हा पोरांना मात्र ठोक थांबली की जाग यायची. शाळेत मुलं मला 'ठकठक' म्हणत. इंजिनिअर व्हायचं मी ठरवलं त्यात या नावाचा वाटा बराच होता.

चौथ्या शनिवारी सकाळी खालच्या गॅरेजमधून ठोक ऐकू आली आणि मी स्लिपर घालून तसाच खाली गेलो. आत एक मोटार उभी होती, पुढचं नाक उघडं पडलेली. रंग खरवडून काढलेला, खाली नागडा पत्रा. मायस्टर एका हाताने आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हातोडी मारत होते. आपल्याकडे डेंटिंगवाले त्या ठोकळ्याला डॉली म्हणतात. मी दारात उभा राहिलो. त्यांनी मागे न बघता विचारलं, "तुझे वडील काय करतात?" मी म्हणालो, धातूचा व्यवसाय आहे. शब्द खोटा नव्हता. सांगण्याची ढब खोटी होती. त्यांनी हातोडी माझ्यापुढे धरली. मी नको म्हणालो, मी इंजिनिअर आहे म्हणालो. ते हसले नाहीत. हातोडी धरूनच उभे राहिले, म्हणून शेवटी घेतली आणि चार ठोके मारले.

"इंजिनिअरचं मनगट असं सुटत नाही," ते म्हणाले. "खरं सांग."

मग मी खरं सांगितलं. जर्मन तुटकी होती, त्यामुळे लपवायला जागाही नव्हती. माझे वडील तांबट, आजोबा तांबट. घडवलेल्या भांड्यावर गोलगोल ठोके एकसारखे उमटवत जायचं, त्याला मठारणं म्हणतात. दिसायला नक्षी वाटते, पण त्यानं तांबं कडक होतं, भांडं पोचत नाही. सातव्या वर्षापासून मी ते केलंय आणि सोळाव्या वर्षी सोडलंय. मायस्टरांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "शनिवारी आठला येत जा. रविवारी नाही. रविवारी इथे हातोडी वाजवली तर शेजारी पोलीस बोलावतात."

ती गाडी होती १९६३ ची कारमान गिया. चित्रात पाहिलेली माणसं तिला पोर्श समजतात, आणि जर्मनीत तिला 'गृहिणीची पोर्श' असं खवचट नाव होतंच. कारण आत सगळा बीटलचाच ऐवज : मागे हवेने थंड होणारं चार सिलिंडरचं इंजिन, १,१९२ सीसी, ३४ अश्वशक्ती. अंगावरचे कपडे मात्र तुरीनचे. गिया ही तिथली रेखाटन करणारी पेढी. तिचे प्रमुख लुइजी सेग्रे यांनी १९५३ मध्ये बीटलच्या तळावर गुपचूप एक कूपे बनवून कारमान कंपनीला दाखवली, कंपनीने ती फोल्क्सवागेनचे प्रमुख हाइन्झ नोर्डहोफ यांच्या गळी उतरवली, आणि १९५५ च्या उन्हाळ्यात गाडी लोकांपुढे आली. रेषा नेमक्या कोणाच्या, यावर अजून वाद घालतात. अमेरिकेत क्राइस्लरसाठी काम करणाऱ्या व्हर्जिल एक्सनर यांच्या एका गाडीशी तिचं साम्य नाकारता येत नाही. सेग्रे, गियातलेच बोआनो, एक्सनर, तिघांचीही नावं घेणारी माणसं मला भेटली आहेत. मायस्टर तिन्ही नावं ऐकून म्हणत, "कागदावर सगळ्यांनी काढली असेल. पत्र्यावर आम्ही काढली."

आणि ते खरं होतं, कारण तो आकार त्या काळच्या साच्यांत बसणारा नव्हता. बीटलची मडगार्डं बोल्टने बसवलेली. ठोकलं, काढलं, दुसरं लावलं. गियाला सुटं मडगार्ड नाहीच. पुढच्या दिव्यापासून दारापर्यंत पत्रा अखंड वाहतो. तो अखंड दिसतो एवढंच. प्रत्यक्षात पुष्कळ तुकडे कडेला कड भिडवून जोडलेले, ठोकून एका उंचीला आणलेले, आणि जोडावर शिसं-कथलाचा लेप देऊन कानशीने घासलेले. वरून रंग. सांधा शोधून दाखवा म्हटलं तर दाखवता येत नाही. अशा गाडीचं नाक दुसऱ्या गाडीवर आपटलं की मालकाच्या डोळ्यांत पाणी यायचं, कारण ते नाक बदलता येत नाही. पुन्हा घडवावं लागतं. मायस्टर ऐन तरुणपणी त्याच लेपाच्या कामावर होते.

नोव्हेंबरात ठोक संपली आणि लेपाची वेळ आली. त्यांनी पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, ब्रशने करडी पेस्ट फासली, गॅसची ज्योत फिरवली. पेस्ट तपकिरी झाली, उकळली, आणि त्यांनी फडक्याचा एकच हात मारला. खाली पत्रा आरशासारखा लखलखला. धूर माझ्या नाकात गेला आणि मी एकदम बोलून गेलो, "कल्हई!"

त्यांनी ज्योत बाजूला केली. काय म्हणालास?

तांबट आळीत आमच्या दाराशी कल्हईवाला बसायचा. भट्टीचा भाता ओढायला आम्ही पोरं भांडायचो. भांडं तापलं की नवसागराची चिमूट, भसकन धूर, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने गर्रकन फिरवायचं. काळं पातेलं आतून चंद्रासारखं व्हायचं. मी हे सगळं हातवारे करून दाखवलं. नवसागराला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, पण वास माहीत होता आणि वास तोच होता. मायस्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग शिसं-कथलाची कांडी माझ्या हातात दिली.

नुसतं कथिल २३२ अंशांना वितळतं आणि एकदम पाणी होतं. त्यात शिसं दोन वाटे घातलं की गंमत होते : १८३ अंशांपासून अडीचशेच्या जरा वरपर्यंत ते धड घट्टही नसतं, धड पातळही नसतं. फ्रिजबाहेर राहिलेल्या लोण्यासारखं असतं. तेवढ्या अवधीत बीच लाकडाच्या, तेल लावलेल्या पट्टीने ते उभ्या पत्र्यावर थापायचं आणि ओढायचं. ज्योत जवळ राहिली तर सगळं घसरून फरशीवर, लांब गेली तर दगड. माझं पहिल्या तीन शनिवारांचं कथिल फरशीवरच पडलं. ते खरवडून, वितळवून त्यांनी परत कांड्या ओतल्या. घासायचं कानशीनेच. फिरती चकती लावायला सक्त मनाई, शिशाची धूळ फुप्फुसात जाते. आणि घासून झालं की बघायचं नाही. डोळे मिटून, बोटं सैल सोडून, तळहात लांबवर फिरवायचा. "डोळा उजेडाला फसतो," असं ते म्हणत. माझ्या वडिलांनी हेच मला घागरीवर शिकवलं होतं, फक्त वडिलांनी कारण सांगितलं नव्हतं, टपली मारली होती.

त्या हिवाळ्यात मी गियाच्या प्रेमात पडलो. आठवडाभर टूलरूममध्ये साचे, मिलिंग आणि मायक्रोमीटर, शनिवारी कथिल. साहजिकच मला वाटू लागलं, की खरी गाडी ही, आणि आम्ही साचेवाले बनवतो तो नुसता माल.

दुसरी गाडी दाराबाहेर वाकडी उभी असायची. मायस्टरांची मुलगी इस्पितळात परिचारिका होती, रात्रपाळी करून सकाळी नाश्त्याला यायची आणि आपली हिरवी शिरोक्को दोन चाकं फुटपाथवर चढवून सोडायची. १९७७ ची जीटीआय, दुसऱ्या हाताची. जॉर्जेटो जुजारो यांनी रेखाटलेली, म्हणजे हीसुद्धा तुरीनचीच लेक. (आपल्याकडे १९९८ च्या सुमारास मॅटिझ नावाची बुटकी मोटार आली होती, तिच्या रेषाही त्यांच्याच पेढीच्या.) मार्च १९७४ मध्ये जिनिव्हात शिरोक्को दाखवली, गोल्फच्या थोडी आधी. सहारातून येणाऱ्या गरम वाऱ्याचं नाव. गियाच्या अंगावर सरळ रेषा सापडत नाही आणि शिरोक्कोच्या अंगावर गोलाई सापडत नाही. कोणीतरी जाड कागद घेऊन, नखाने घडी मारून मारून उभी केल्यासारखी. इंजिन पुढे आणि आडवं, पाण्याने थंड होणारं, ओढणारी चाकंही पुढचीच. मागे वर उघडणारं झाकण, त्यात सायकल मावायची. १,५८८ सीसीतून ११० अश्वशक्ती, म्हणजे गियाच्या तिप्पट, आणि वजन साधारण तेवढंच. इंधन फवारणारी यंत्रणा बॉशची, तीही इलेक्ट्रॉनिक नव्हे, हवेच्या झोताने उचलल्या जाणाऱ्या तबकडीवर चालणारी.

एकदा नाश्त्याच्या वेळी मी शहाणपणा केला. खिडकीतून शिरोक्कोकडे बोट दाखवून म्हणालो, हिला हात लागलेला नाही, यंत्राची गाडी. मुलीने बापाकडे पाहिलं. मायस्टरांनी पाव खाली ठेवला. त्यांचा राग मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला आणि तो मला अपेक्षित नव्हता.

मला घेऊन ते बाहेर आले. माझा हात धरून तिच्या दारावरच्या त्या घडीवर ठेवला. सपाट पत्रा डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर वाजतो; तो वाजू नये म्हणून त्याला घडी देतात, तुझ्या बापाच्या ठोक्यांनी तांबं कडक होतं तसंच. ही घडी साच्यात आहे. साचा यंत्रावर कोरला, पण वरचा आणि खालचा साचा निळी पेस्ट लावून एकमेकांवर टेकवायचा, निळं जिथे लागलं तिथे दगडाने घासायचं, परत टेकवायचं, हे आठवडेच्या आठवडे कोण करतं? तू जिथे उमेदवारी करतोस तिथे दिवसभर काय चाललंय ते बघत नाहीस का? गियाचं एक दार दुसऱ्या गियाला लागत नसे, प्रत्येक दाराची समजूत घालावी लागे. यातलं कुठलंही दार कुठल्याही गाडीला लागतं. "मी वीस वर्षं सांधे लपवले," ते म्हणाले. "यात लपवायला सांधाच नाही." मला हे वाक्य तेव्हा नीट कळलं नाही. त्यांना जर्मनमध्ये दोनदा सांगावं लागलं. गिया बंद झाल्यावर शेवटची काही वर्षं ते शिरोक्कोच्या पत्र्यांवर सुती हातमोजे घालून तळहात फिरवत आणि खोलगा सापडला की खडूने गोल काढत. तो गोल साचेवाल्यांकडे जाई आणि ते साच्यात दुरुस्ती करत. एक हात, पण पुढच्या हजार गाड्यांवर.

सोमवारी टूलरूममध्ये गेलो तेव्हा मी निळ्या पेस्टचा डबा स्वतःहून उघडला. आजवर ते काम मी दुसऱ्या उमेदवारांवर ढकलत होतो, कारण त्यात हात घाण होतात. आमच्या भोसरीत त्याला ब्लू मारणं म्हणतात, आणि ते काम करणाऱ्याला कोणी इंजिनिअर म्हणत नाही.

पण मी गाड्यांची तुलना करतोय आणि निकाल अजून दिलेला नाही. तो एका रात्रीने दिला.

जानेवारी १९८५. त्या वर्षी सगळ्या युरोपात हाडं फोडणारी थंडी होती. शुक्रवारी दुपारी तार आली : 'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली'. तारेत यापेक्षा जास्त शब्द कोणी घालत नसे, आणि याचा अर्थ वडील आजारी किंवा गेलेले, दोन्हींपैकी काहीही असू शके. गावातल्या प्रवास कचेरीत शनिवारी सकाळचं फ्रँकफुर्टहून मुंबईचं एक तिकीट मिळालं. माझ्या बँकेत २०० मार्क होते. मायस्टर माझ्याबरोबर आले होते, त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि पैसे मोजले. मी काही बोलू लागलो तर म्हणाले, "उसने आहेत. वहीत लिहू." आज कळतं, 'राहू दे' म्हणाले असते तर मी कायमचा खाली मान घालून त्या घरात वावरलो असतो.

रात्रीच्या आगगाडीने जाता आलं असतं. दोनदा गाडी बदलायची होती. मायस्टरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मुलीकडे किल्ली मागितली.

गॅरेजमध्ये गिया तयार होती. दोन हिवाळ्यांचं काम संपलेलं, रंग नवा, माझ्या हाताचं कथिल तिच्या नाकात. मला वाटलं होतं, पहिल्या लांब प्रवासाला ते तिलाच काढतील. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कारणं मला ठाऊक होती : सहा व्होल्टची बॅटरी, म्हणजे दिवे मेणबत्तीसारखे, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागचा आस असा की घाईच्या वळणावर चाकं आत वळतात, इंजिनावरून येणारी गरम हवा काचेपर्यंत पोचेतो ती गोठलेली. आणि ३४ घोड्यांनी वाटेतल्या झाउअरलांड डोंगरांचे चढ चढायचे. पण प्रेमातला माणूस कारणं बघत नाही. मायस्टर बघत होते.

ओस्नाब्रुकहून फ्रँकफुर्टचा विमानतळ ३३० किलोमीटरच्या आसपास. म्युन्स्टरवरून डोर्टमुंडकडे सपाट रस्ता, मग पंचेचाळीस नंबरचा महामार्ग, तो डोंगरांतून उंच पुलांवरून झीगनवरून जातो. शिरोक्को पहिल्या दहा मिनिटांत गरम झाली. चढावर मायस्टर चौथा गिअर बदलतसुद्धा नव्हते. पुलांवर बर्फ खरवडलेलं होतं, कडेला ढीग. तिला एकच मोठा वायपर, तो सपासप काच पुसत होता. एका पुलावर बाजूने वारा आला, गाडी हलली, पुढच्या चाकांनी तिला परत रेषेवर ओढून घेतलं. मला ते स्टिअरिंगवर नव्हे, सीटमध्ये कळलं.

बोलणं फार झालं नाही. गीसनच्या अलीकडे त्यांनी विचारलं, वडिलांच्या हातोडीचं वजन किती. मी सांगितलं, मठारायची वेगळी, घडवायची वेगळी, आठ-दहा असतात. मग थोड्या वेळाने म्हणाले, "आता मला 'डू' म्हण."

जर्मनमध्ये 'झी' म्हणजे अहो-जाहो आणि 'डू' म्हणजे अरे-तुरे. पण आपल्यासारखं नाही; वयाने मोठा असेल त्यानेच हा हक्क द्यायचा असतो, आणि कित्येक जण जन्मभर शेजाऱ्याला देत नाहीत. मी त्या रात्री डू म्हणालो आणि पुढे सगळ्या पत्रांत लिहिलं. मराठीत सांगताना मात्र जीभ वळत नाही.

विमानतळावर त्यांनी माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली जड वस्तू दिली. वडिलांना दे. त्या काळी सामानाच्या तपासणीत हातोडी निघाली तर अधिकारी हसायचे फक्त.

अण्णा, माझे वडील, वाचले. पक्षाघाताचा झटका होता, उजवा हात गेला. ससून इस्पितळातून घरी आणल्यावर आठव्या दिवशी मी ती हातोडी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सगळी हकिगत सांगितली : कथिल, कांडी, डोळे मिटून हात फिरवणं. नऊ वर्षं मी अण्णांशी त्यांच्या कामाबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. त्यांनी डाव्या हाताने हातोडी उचलली, तोंडावर अंगठा फिरवला, डोळ्यापाशी धरून निरखून पाहिली. "तोंड झकास आहे," ते म्हणाले. शब्द जड येत होते. "दांडा आखूड. उंच माणसाचं काम नाही हे." मायस्टर खरोखरच बुटके होते.

तीन आठवड्यांनी मी निघालो तेव्हा अण्णांनी धाकट्या काकांकडून एक तांब्याचं पातेलं उतरवून घेतलं होतं. दोन शेरी, नवं घडवलेलं. काकांनी मठारलं होतं, पण काठाखालची शेवटची ओळ वेडीवाकडी होती. ती अण्णांची, डाव्या हाताची. आतून कल्हई चकचकीत.

ओस्नाब्रुकच्या स्वयंपाकघरात मायस्टरांनी ते पातेलं हातात घेऊन खिडकीशी नेलं. तळापासून अंगठा फिरवत वर आले, शेवटच्या ओळीशी थांबले. मला काही सांगावं लागलं नाही. बायकोला हाक मारून त्यांनी ती ओळ तिला बोटाने दाखवली. मग आत नाक घालून वास घेतला. त्यानंतर वही काढली आणि १,३४० हा आकडा लिहिला.

१९८६ मध्ये मी परत आलो. बाकीचं लवकर सांगतो. भोसरीत नोकरी, मग पंच्याण्णव साली भाड्याच्या गाळ्यात स्वतःची टूलरूम, चार माणसं. पुढे चाकणला मोटारींचे कारखाने आले तसं काम वाढलं. आमच्याकडे नवीन पोरगा आला की पहिला महिना निळी पेस्ट आणि दगड, मग संगणकावरचं काम. पोरं कुरकुरतात, दोघे-तिघे सोडूनही गेले. अण्णा १९८९ मध्ये गेले. मायस्टर १९९८ मध्ये गेले, हे त्यांच्या मुलीच्या पत्राने कळलं. २००९ च्या एप्रिलमध्ये कारमानने दिवाळखोरी जाहीर केल्याचं पुण्यात वर्तमानपत्रात वाचलं. पुढे त्या आवारात फोल्क्सवागेनचाच कारखाना सुरू झाला.

२०१४ मध्ये एका यंत्रप्रदर्शनासाठी जर्मनीत गेलो होतो, तेव्हा ओस्नाब्रुकला दोन दिवस काढले. मुलगीही आता निवृत्त झालेली. घर तेच. गॅरेजमध्ये गिया होती, नंबरपाटीवर शेवटी 'एच' अक्षर : तीस वर्षांहून जुन्या, जपलेल्या गाडीला हा मान आणि करात सवलत मिळते. मी डोळे मिटून तिच्या नाकावरून हात फिरवला. माझा सांधा सापडला नाही. शिरोक्कोचं विचारलं तर ती हसली. १९८९ मध्येच भंगारात गेली, खालून गंजून जाळी झाली होती. त्या पहिल्या पिढीच्या शिरोक्को पाच लाखांच्या वर बनल्या आणि गिया कूपे साडेतीन लाखांच्या वर. पण दोन दिवसांत ओस्नाब्रुकच्या रस्त्यावर जुनी शिरोक्को मला एकही दिसली नाही. गियाला लोक जपत राहिले, शिरोक्कोला वापरून संपवलं. मला विचाराल तर मोटार म्हणून शिरोक्को उजवी, आणि हे मत मी मायस्टरांच्या समोर त्यांच्या हयातीत मांडलं होतं, तेव्हा त्यांनी होकारार्थी मान हलवली होती. मी तिच्यात बसून वडिलांपर्यंत पोचलो, हे मतात किती मिसळलंय ते मला वेगळं काढता येत नाही.

रात्री जेवायला लाल कोबी होता, सफरचंद आणि व्हिनेगर घालून शिजवलेला. तो कशात शिजवला ते मी जेवण झाल्यावर पाहिलं. गेली एकोणतीस वर्षं ती मायलेकी आंबट कोबी त्याच पातेल्यात शिजवत होत्या. कल्हई जवळजवळ उडालेली, मधून तांबं लाल दिसत होतं. मी घाबरून म्हणालो, हे कळकतं, पोटात विष जाईल. तिला कळकणं कसं समजावणार! शेवटी हिरवा डाग दाखवला. ती म्हणाली, आई नेहमी म्हणायची याला चव वेगळी येते.

मी ते पातेलं बॅगेत घालून पुण्याला आणलं. तांबट आळीत ठोक अजून चालते, पूर्वीपेक्षा कमी. कल्हईवाला मात्र आळीत राहिलेला नाही, दोन दिवस चौकशी करून एक मिळाला, तोही महिन्यातून एकदा येणारा. भट्टी पेटली तेव्हा मी शेजारी उभा होतो. काठाखालच्या त्या ओळीला चिमटा लावू नकोस, एवढं त्याला सांगितलं.

पार्सल स्पीड पोस्टाने पाठवलं. वजन १ किलो ६८० ग्रॅम भरलं. आत एक चिठ्ठी ठेवली आहे : कोबी दुसऱ्या भांड्यात.